टोमॅटिलो : एक रोप लावून भागत नाही

मेक्सिकोच्या ‘साल्सा व्हेर्दे’ या हिरव्या चटणीचा प्राण असलेला टोमॅटिलो म्हणजे कच्चा टोमॅटो नव्हे. कागदी आवरणातले हे फळ आपल्या रसभरीचे भावंड. उष्ण प्रदेशात त्याची लागवड करणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते : झाड फोफावते, पिवळी फुले लगडतात; पण फळ धरत नाही. याचे मुख्य कारण परागीभवनात आहे. टोमॅटिलोच्या फुलाला स्वतःच्याच झाडाचे पराग चालत नाहीत. त्यामुळे बियांपासून वाढविलेली किमान दोन रोपे शेजारी हवीत. एकाच झाडाच्या फांद्या खोचून उपयोग नाही. पराग मधमाश्या वाहून नेतात. तेव्हा फुलोऱ्यात कीटकनाशक टाळलेलेच बरे.

दुसरे कारण वेळेचे. पारा ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेला, की फुले गळू लागतात. म्हणूनच अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटी फिनिक्स परिसरात थंडीचा कडाका ओसरताच, फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत, रोपे लावतात. बी त्याआधी सहा ते आठ आठवडे घरात रुजविलेले असते. दोन रोपांत सुमारे ९० सेंटिमीटर अंतर ठेवावे. लावणीनंतर साधारण ६० ते ८० दिवसांत फळ तयार होते. आवरण भरून तडकू लागले, की हिरवे असतानाच तोडावे. पिवळे पडल्यावर आंबटपणा ओसरतो आणि चटणीची गंमतही जाते.