कर्करोगाच्या उपचारातला विसराळूपणा : पाय चालवा, मेंदूलाही काम द्या

कर्करोगाच्या उपचारांत काय त्रास होतो, असे विचारले तर कोणीही चार गोष्टी लगेच सांगेल. केस जातात, उलट्या होतात, तोंड येते, अशक्तपणा येतो. पाचवी गोष्ट मात्र सहसा कोणी बोलत नाही. रुग्णही बोलत नाही आणि डॉक्टरांनी विचारले नाही तर ती राहूनच जाते. ती गोष्ट म्हणजे विसराळूपणा. आजच्या लेखात तिच्याविषयी आणि तिच्यावरील दोन साध्या उपायांविषयी पाहू.

नांदगाव तालुक्यातून कर्करोगाच्या उपचारासाठी लोक नाशिकला जातात, मुंबईला टाटा रुग्णालयात जातात. केमोथेरपीचा डोस घेऊन ते घरी परततात आणि पुढचा डोस येईपर्यंत बारीकसारीक तक्रारींसाठी आमच्यासारख्या गावातल्या डॉक्टरांकडे येतात. त्यामुळे एरवी मोठ्या रुग्णालयाच्या गर्दीत न निघणारे बोलणे आमच्या दवाखान्यात निघते.

एक शिक्षिका सांगत होत्या, "डॉक्टर, वीस वर्षं हजेरी घेतेय, पण परवा समोरच्या मुलाचं नावच आठवेना." कांद्याचा व्यापार करणारे एक काका तोंडी हिशेबात पक्के. आता तीच बेरीज कागदावर तीनदा करतात आणि तीनदा वेगळी येते. एक गृहिणी गॅसवर दूध ठेवून अंगणात गेल्या, त्या दूध करपल्याचा वास आल्यावरच परतल्या. घरचे म्हणाले, "हिचं लक्षच नसतं हल्ली." त्या मात्र मला हळूच विचारत होत्या, "मला वेड तर लागणार नाही ना?"

हे वेड नव्हे

या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. नाही. हे वेड नव्हे, आळस नव्हे आणि मनाचे खेळही नव्हेत. या त्रासाला डॉक्टरी बोलीत 'केमो ब्रेन' असे नाव पडले आहे. शब्द ओठांवर येतो पण बाहेर पडत नाही. वाचलेले पान पुन्हा वाचावे लागते. एका वेळी दोन कामे जमत नाहीत. विचारांचा वेग मंदावल्यासारखा वाटतो.

हा त्रास किती जणांना होतो? अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या 581 स्त्रिया आणि 364 निरोगी स्त्रिया यांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. केमोथेरपीच्या आधीच्या तुलनेत केमोथेरपी संपल्यावर स्मरण आणि एकाग्रता लक्षणीय कमी झाल्याचे सुमारे 45 टक्के रुग्णांनी सांगितले. त्याच काळात निरोगी स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे 10 टक्के होते. म्हणजे आपल्या घरातल्या रुग्णाला हा त्रास होत असेल, तर तो एकटा नाही.

म्हातारपणातला स्मृतिभ्रंश वेगळा. तो वाढत जातो आणि पुष्कळदा रुग्णाला स्वतःला त्याची जाणीवही नसते. केमोथेरपीतल्या विसराळूपणात रुग्णाला आपण विसरतो हे चांगले कळते, किंबहुना तेच त्याला खुपते. थोडी आठवण करून दिली की विसरलेले बहुधा आठवते. उपचार संपल्यानंतर काही महिन्यांत बहुतेकांचा त्रास कमी होतो. काहींना मात्र तो अधिक काळ राहतो.

असे का होते?

कारण एकच नाही. औषधांमुळे शरीरात दाह निर्माण करणारी द्रव्ये वाढतात आणि त्यांचा परिणाम मेंदूच्या कामावर होतो. रक्त कमी होते. झोप मोडते, उलटी थांबवण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडमुळेही रात्र जागून काढावी लागते. संप्रेरकांवर परिणाम करणाऱ्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामक औषधे यांचाही वाटा असतो. त्यात आजाराची, पैशाची आणि मुलाबाळांची काळजी. चिंतेने भरलेल्या डोक्यात नवी गोष्ट शिरायला जागा उरत नाही. म्हणूनच काही रुग्णांत हा त्रास केमोथेरपीचा पहिला डोस मिळण्याआधीच दिसतो.

यातली काही कारणे साध्या तपासणीने सापडतात आणि दुरुस्तही होतात. हिमोग्लोबिन, रक्तातील साखर, सोडियम, थायरॉइड आणि ब जीवनसत्त्वांपैकी बी-12 यांची तपासणी करावी का, हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा. शाकाहारी रुग्णांत बी-12 कमी असणे नवलाचे नाही. सगळा दोष केमोला देऊन स्वस्थ बसू नये.

"हलू नकोस" हा प्रेमाचा पण चुकीचा सल्ला

आपल्याकडे कर्करोग झाला की रुग्णाला खाटेवर बसवण्याची पद्धत आहे. "तू काही करू नकोस, पडून राहा." यामागे माया असते, हे मान्य. परंतु पडून राहिल्याने स्नायू झिजतात, दिवसा डुलक्या लागतात, रात्री झोप येत नाही आणि थकवा उलट वाढतो. थकलेला मेंदू अधिक विसरतो. असे हे चक्र आहे आणि ते तोडण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे चालणे.

चालण्याने मेंदूचा रक्तपुरवठा सुधारतो, झोप लागते, मन हलके होते. अमेरिकेतील 120 वृद्धांच्या एका अभ्यासात (2011) वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या मेंदूतील स्मरणाशी संबंधित भाग सुमारे 2 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. ते कर्करोगाचे रुग्ण नव्हते, तरी व्यायाम मेंदूपर्यंत पोचतो हे त्यातून कळते.

कर्करोगाच्या रुग्णांचे काय? अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी केमोथेरपी चालू असलेल्या 86 रुग्णांवर सहा आठवड्यांचा प्रयोग केला. तो 2025 साली प्रसिद्ध झाला. घरच्या घरी चालणे आणि रबरी पट्ट्यांचे हलके व्यायाम करणाऱ्यांना लक्ष देण्याच्या चाचणीत फायदा दिसला. प्रयोग लहान आहे, पण तो उपचार चालू असतानाच केलेला आहे, हे महत्त्वाचे. नेदरलँड्समध्ये 181 स्त्रियांवर सहा महिन्यांचा अभ्यास झाला (2022). त्यात व्यायामाने एकूण गटाच्या स्मरणाच्या चाचणीत फरक पडला नाही, पण थकवा आणि उदासी कमी झाली. शिवाय ज्यांना थकवा फार होता, त्यांच्यात मेंदूच्या कामातही सुधारणा आढळली.

आपल्या मुंबईचेही उदाहरण आहे. 1941 साली परळला सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या 850 स्त्रियांवर योगासनांचा मोठा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष 2022 साली मांडले गेले. उपचारांच्या जोडीला शिकवलेल्या योगाने थकवा आणि वेदना कमी झाल्याचे त्यात दिसले. हा अभ्यास स्मरणशक्तीसाठी केलेला नव्हता. आणि 'जोडीला' हा शब्द नीट वाचावा. योग उपचारांच्या ऐवजी नव्हे.

तात्पर्य, व्यायामाने विसराळूपणा हमखास जातो असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. पण थकवा, झोप आणि मन यांना त्याचा फायदा होतो, हे पक्के आहे. त्या तिन्हींचा भार उतरला की डोके मोकळे होते.

किती आणि कसे चालावे?

आधी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारा. त्यांनी होकार दिला की सुरुवात अगदी थोड्याने करा. पहिल्या आठवड्यात सकाळी पाच ते दहा मिनिटे आणि संध्याकाळी तेवढेच. मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवा. आठवड्यातून तीन ते पाच दिवस, दिवसाला अर्धा तास इथपर्यंत पोचलात तर उत्तम. चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे हलके व्यायाम करावेत. खुर्चीवरून हात न टेकता आठ-दहा वेळा उठणे-बसणे. भिंतीला तळवे टेकून हळूहळू पुढे-मागे होणे. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या हातात धरून कोपरात वाकवणे. यासाठी पैसे लागत नाहीत. स्तनाची शस्त्रक्रिया झाली असल्यास त्या बाजूच्या हाताचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकूनच करावेत.

आपल्या भागातला उन्हाळा कडक. मार्च ते जून सूर्य वर येण्याआधी फिरून यावे, नाहीतर दिवस कलल्यावर. आठवडे बाजाराच्या गर्दीत फिरणे म्हणजे व्यायाम नव्हे. पांढऱ्या पेशी कमी असताना गर्दी टाळलेलीच बरी. घराचे अंगण, गच्ची, मोकळे मैदान चालेल. डोस घेतल्यावर पहिले दोन-तीन दिवस गळून गेल्यासारखे होते. त्या दिवशी घरातल्या घरात चार फेऱ्या झाल्या तरी पुरेत. शून्यावर येऊ नये, एवढेच पाहावे.

पुढील स्थितीत व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे : 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, चक्कर, कुठूनही रक्त येणे, हाडात नवे दुखणे. प्लेटलेट किंवा हिमोग्लोबिन फार कमी असेल, किंवा कर्करोग हाडात पसरला असेल, तर तज्ज्ञांना विचारल्याशिवाय व्यायाम करू नये.

आणखी एक सूचना. रोचेस्टरच्या त्याच प्रयोगात आयबुप्रोफेन या गोळीचीही चाचणी झाली होती. ती वाचून कोणी दुकानातून ही गोळी आणू नये. केमोथेरपीत तिच्यामुळे रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो आणि ताप झाकला जातो. केमोथेरपीतला ताप झाकणे म्हणजे जिवाशी खेळ.

मेंदूची तालीम

दुसरा उपाय म्हणजे मेंदूला काम देणे. ऑस्ट्रेलियात 242 रुग्णांवर संगणकावरील खेळांचा अभ्यास झाला (2017). आठवड्यातून चार वेळा, प्रत्येकी 40 मिनिटे, असे 15 आठवडे. खेळ खेळणाऱ्यांना आपला विसराळूपणा कमी झाल्याचे जाणवले, ताणही कमी झाला. मात्र चाचण्यांच्या गुणांत दोन्ही गटांत विशेष फरक नव्हता. यातून घ्यायचे ते एवढेच, की या सरावाने आत्मविश्वास परततो. महागडे काही विकत घेण्याची गरज नाही.

आपल्या घरात तालमीची साधने भरपूर आहेत. वर्तमानपत्रातले शब्दकोडे किंवा सुडोकू. ठिपक्यांची रांगोळी, कारण तिच्यात ठिपके मोजावे लागतात आणि आकृती डोळ्यांपुढे धरावी लागते. नातवाबरोबर पाढे किंवा पत्ते. पाठ असलेल्या ओव्या म्हणणे चांगलेच, पण नव्या दोन ओव्या पाठ करणे त्याहून चांगले. एखादी बातमी वाचून पेपर मिटा आणि घरच्यांना तिच्यातल्या पाच गोष्टी सांगा. रोज वीस मिनिटे पुरे. डोके दुखायला लागेपर्यंत ताणू नये. ज्या दिवशी जमत नाही, त्या दिवशी सोडून द्यावे.

कुबड्या वापरायला लाजू नये

पाय मोडला तर आपण काठी घेतो. तशी स्मरणालाही काठी द्यावी. खिशात एक छोटी वही ठेवा. औषधे वारांच्या कप्प्यांच्या डबीत भरा. डोसची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. किल्ली, चष्मा, फाइल यांची जागा ठरलेली असावी. महत्त्वाचे काम सकाळी, डोके ताजे असताना आणि एका वेळी एकच. गॅसवर काही ठेवले की मोबाइलचा गजर लावा. डॉक्टरांकडे जाताना प्रश्न लिहून न्या आणि सोबत एक माणूस न्या. डोक्यात धुके असल्यासारखे वाटते त्या दिवशी मोटारसायकल चालवू नका, जमिनीच्या किंवा कर्जाच्या कागदावर सही करू नका.

घरच्यांना एकच विनंती. "किती वेळा सांगायचं?" हे वाक्य बंद करा. टोमणा बसला की रुग्ण त्रास लपवू लागतो. लपवता लपवता एखादे दिवशी गोळी चुकते, किंवा दोनदा घेतली जाते. खरा धोका तिथे आहे. त्याऐवजी संध्याकाळी रुग्णाबरोबर चालायला निघा. तुमचाही व्यायाम होईल.

हे मात्र केमोवर ढकलू नका

अचानक भ्रम होणे, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, झटके येणे, तीव्र डोकेदुखीबरोबर उलट्या, तापात बरळणे, हाका मारूनही नीट जाग न येणे. यांपैकी काहीही झाले तर हा साधा विसराळूपणा नव्हे. सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करून रुग्णालय गाठावे.

बाकी, पुढच्या वेळी तपासणीला जाल तेव्हा केस, उलट्या आणि अशक्तपणा यांच्या यादीत पाचवी ओळ लिहा : "विसरायला होते." आणि डॉक्टरांना ती वाचून दाखवा.