काळ्या कातळाची ध्रुवांवरच्या बर्फाशी सोयरीक

परळीहून विकाराबादकडे जाणारी गाडी घाटनांदूरला थांबते, तिथं आजूबाजूला बालाघाटाचा काळा कातळ पसरलेला आहे. या भागात विहीर खणायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि त्याखाली सुरुंगालाही सहजी दाद न देणारा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून उसळलेल्या लाव्ह्याचे हे थर. आजही त्यांनी ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास मुलूख व्यापला आहे. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतलं, तेव्हा या दगडाची जाडी तिथं ३३८ मीटर भरली.

या दगडाचा अंटार्क्टिकाशी संबंध जोडला जातो तो पावसाच्या पाण्यातून. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि कातळ झिजवतं. दगडातला चुना आणि मॅग्नेशियम त्यात विरघळतं आणि त्यांच्याबरोबर हवेतला कार्बनही बांधला जातो. रानात सापडणारे चुनखडीचे खडे आणि बंबाच्या आत साचणारा पांढरा थर हे याच क्रियेचे पुरावे. उरलेला ऐवज गोदावरीतून समुद्रात जातो आणि शिंपल्यांच्या रूपानं तळाशी बसतो.

हा लाव्हा बाहेर पडला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. पुढं उत्तरेकडे सरकताना तो विषुववृत्तावरच्या उष्ण, दमट पट्ट्यात शिरला आणि कातळाची झीज वाढली. त्यामुळं हवेतला कार्बन घटत गेला आणि पृथ्वी थंडावली, अशी मांडणी डेनिस केंट आणि जिओव्हानी मुत्तोनी यांनी २००८ मध्ये केली. हिमालयाच्या उठावाला अधिक श्रेय देणारे संशोधकही आहेत, तो वाद मिटलेला नाही. थंडावा आला, याबद्दल मात्र दुमत नाही. २०१० मध्ये अंटार्क्टिकाच्या विल्क्स लँड किनाऱ्यासमोर जहाजावरून समुद्रतळ खणला, तेव्हा ५ कोटी वर्षांहून जुन्या गाळात ताडाचे आणि गोरखचिंचेच्या कुळातल्या झाडांचे परागकण निघाले. त्याच खंडावर ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी बर्फाची प्रचंड चादर उभी राहिली.

एकदा बसलेलं बर्फ पुढच्या उबदार काळांत कसं वागलं? २००६-०७च्या मोसमात अँड्रिल प्रकल्पानं रॉस सागरावर तरंगणाऱ्या बर्फपट्टाखालून १,२८५ मीटर लांबीचा गाभा काढला. त्यात हिमनदीनं ओढून आणलेली खडी आणि उघड्या समुद्रात वाढणाऱ्या डायॅटम शेवाळांचा चिखल, असे थर आलटून पालटून आले होते. ५० ते ३० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या आसाच्या कलण्याबरोबर, साधारण ४०,००० वर्षांच्या लयीत, पश्चिम अंटार्क्टिकाचं बर्फ वारंवार मागं हटत होतं. त्यातल्या ३३ ते ३० लाख वर्षांपूर्वीच्या उबदार टप्प्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्षात ४००च्या आसपास होता आणि समुद्र आजच्यापेक्षा ५ ते २५ मीटर वर होता.

ग्रीनलंडचा पुरावा तर चक्क शीतपेटीत पडून राहिला होता. १९६६ मध्ये अमेरिकी लष्कराच्या कॅम्प सेंच्युरी तळावर सुमारे १,३९० मीटर बर्फ भेदून त्याखालची गोठलेली माती काढली गेली. पुढं ती विस्मरणात गेली आणि २०१७ मध्ये कोपनहेगनमध्ये पुन्हा हाती आली. तिच्यात पानांचे, डहाळ्यांचे आणि शेवाळाचे तुकडे होते. सुमारे ४ लाख वर्षांपूर्वी तिथं बर्फ नव्हतं, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यानंतरचा एक मोठा उबदार काळ सव्वा लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हाचं जागतिक तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत जेमतेम अर्धा ते दीड अंश जास्त होतं, तरी समुद्र ५ ते १० मीटर वर चढला होता. ती ऊब पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांमुळं आली होती, म्हणून तो काळ आजची हुबेहूब नक्कल ठरत नाही. पण थोड्या उबेला बर्फ किती मोठं उत्तर देतं, हे त्यातून कळतं.

आणि वेग? शेवटच्या हिमयुगाचं बर्फ वितळत गेलं, तेव्हाच्या वेगाची नोंद आपल्याच किनाऱ्यावर आहे. मुंबईसमोर समुद्रात ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ नावाचं बुडालेलं सपाट मैदान आहे. लाटांनी घुसळलेल्या उथळ पाण्यातच तयार होणारे चुन्याचे गोल कण तिथं आता ८०-९० मीटर खोलीवर सापडतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या हाशिमी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अशा नमुन्यांच्या वयावरून पश्चिम किनाऱ्याचा हिशेब मांडला. १४,५०० वर्षांपूर्वी पाणी आजच्याहून सुमारे १०० मीटर खाली होतं. १०,००० ते ७,००० वर्षांपूर्वी ते हजार वर्षांना २० मीटरच्या आसपास, म्हणजे शतकाला २ मीटर, या गतीनं चढलं.

संकट हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, असं आपण म्हणतो. बर्फाचं उलटं आहे. त्याचा थर साचायला हजारो वर्षांची हिमवृष्टी लागते, पण जाण्याच्या वाटा अनेक. पश्चिम अंटार्क्टिकाचा बराचसा तळ समुद्रपातळीच्या खाली आहे आणि आत जावं तसा तो खोल होतो, त्यामुळं कोमट पाणी खालून शिरलं की माघार आपल्या आपण वाढते. ग्रीनलंडचा माथा वितळून खाली आला की तो अधिक उबदार हवेत सापडतो आणि आणखी वितळतो.

आज हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्षात ४२०च्या वर गेला आहे. बालाघाटाचा कातळ तो अजूनही ओढतो, पण लाखो वर्षांच्या चालीनं. आपण मात्र कोट्यवधी वर्षांत जमिनीत साचलेला कार्बन दोन-अडीच शतकांत हवेत सोडला. ही तफावत दगड भरून काढणार नाही. घाटनांदूरच्या उंचीवर समुद्र कधीच येणार नाही, पण न्हावा-शेवा बंदर, कोकणातली खारजमीन आणि गोव्याची खाजणं पाण्याच्या पातळीलाच आहेत. समुद्र चढणार, हे मागच्या उबदार काळांनी सांगितलंच आहे. तो शतकाला किती चढणार, एवढाच भाग आपल्या हातात उरला आहे आणि तो येत्या काही दशकांत आपण किती कार्बन सोडतो त्यावर ठरेल.