आवड की अडचण? : अद्भुतरम्य व्हिडिओ गेम आणि आपल्याकडचा खेळाडू

दारव्ह्याला २००४ ते २०१३ या काळात माझे सायबर कॅफे होते. सहा संगणक, एक प्रिंटर आणि बसस्थानकाच्या बाजूला उघडणारे एक शटर. सकाळी परीक्षांचे अर्ज आणि निकाल, दुपारनंतर गेम खेळणारी मुले. त्या मुलांकडे पाहता पाहता मला व्हिडिओ गेमचा नाद लागला. खेळण्याचा कमी, खेळणाऱ्यांना पाहण्याचा अधिक. कोण कोणता गेम मागतो, किती वेळ टिकतो, कुठे कंटाळून उठतो, हे मी गल्ल्याजवळच्या वहीत लिहून ठेवू लागलो. माझी पदवी वाणिज्य शाखेची. इंग्रजी आणि संगणक या दोन्ही गोष्टी दुकानात बसूनच शिकलो. त्यामुळे या नोंदींना संशोधन म्हणण्याचे धाडस मला फार उशिरा झाले.

त्या वहीच्या आधारे २००९ मध्ये मी एका स्थानिक साप्ताहिकात टिपण लिहिले. निष्कर्ष असा होता : आपल्याकडच्या खेळाडूला गोष्ट नको असते, मारामारी हवी असते. वाचणाऱ्यांनी माना डोलावल्या. मात्र निष्कर्ष चुकीचा होता. तो कसा चुकला हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे; कारण तीच चूक आज माझ्याहून फार मोठी माणसे, माझ्या वहीहून फार मोठ्या आकडेवारीच्या बळावर करू शकतात.

हे खेळ आले कुठून?

ज्यांनी हे गेम कधी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात संगणक नव्हता. चार-पाच जण एका टेबलाभोवती बसत. एक जण कथेकरी. तो सांगे, ‘‘समोर गुहा आहे, आतून घुरघुर ऐकू येते. काय करणार?’’ बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देत, आणि ते जमले की फसले हे फासा ठरवी. कीर्तनकाराने आख्यान मध्येच थांबवून ‘आता राजाने काय करावे?’ असे श्रोत्यांना विचारावे आणि उत्तराप्रमाणे आख्यान पुढे न्यावे, असाच हा प्रकार. इंग्रजीत याला रोल प्लेइंग गेम म्हणतात. खेळणारी मुले नुसते ‘आरपीजी’ म्हणतात.

संगणकावर हा प्रकार आला तेव्हा कथेकऱ्याची जागा यंत्राने घेतली. यंत्राला सगळी उत्तरे आधीच भरून ठेवावी लागतात, म्हणून खेळ रचणाऱ्यापुढे निवडी उभ्या राहिल्या. रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा ४’ (१९८५) मध्ये सुरुवातीलाच नैतिक पेच विचारले जातात आणि त्यांच्या उत्तरांवरून तुमचे पात्र ठरते. शेवटी मारायला कोणी राक्षसराज नाही. आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ होणे हेच ध्येय. हा आपलाच शब्द त्या गेमच्या नावात आहे. पुढच्याच वर्षी जपानमध्ये युजी होरी यांच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने दुसरी वाट धरली : कथा ठरलेली, नायकाचे नाव तेवढे तुम्ही ठेवायचे. खेळाडूला मोकळीक द्यायची की चांगली गोष्ट सांगायची, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

खेळाडूंना काय आवडते याचा विचारही जुना आहे. इंग्लंडच्या रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये एका निबंधात खेळाडूंचे चार प्रकार केले : मिळकत करणारे, मुलूख धुंडाळणारे, माणसे जोडणारे आणि दुसऱ्यांना छळणारे. मी वहीत हीच चार खाने आखली होती. माझी मुले बहुतेक पहिल्या आणि चौथ्या खान्यात पडत. तिथेच मी फसलो.

सेव्ह आणि भारनियमन

पहिला पुरावा माझ्या डोळ्यांसमोर होता, तरी मला दिसला नाही. ‘फायनल फँटसी ७’ हा जपानी गेम संगणकावर १९९८ मध्ये आला. त्यात गुहेत किंवा किल्ल्यात शिरल्यावर खेळ हवा तिथे साठवता येत नाही. ठरावीक ठिकाण गाठावे लागते. त्यामागे विचार आहे. ठिकाण येईपर्यंत जीव टांगणीला लागतो आणि गाठल्यावर सुटल्यासारखे वाटते. ‘मॉरोविंड’ (२००२) मध्ये मात्र एक कळ दाबली की जिथे असाल तिथे सेव्ह. माझ्या वहीत पहिल्यापुढे ‘आवडत नाही’ आणि दुसऱ्यापुढे ‘चालतो’ असे लिहिलेले आहे.

ही आवड होती का? त्या वर्षांत भारनियमनाने आमचे कंबरडे मोडले होते. वीज गेली की बॅटरी दहा मिनिटे तग धरी. तेवढ्यात सेव्हचे ठिकाण सापडले नाही तर तासाचे पैसे आणि तासाचे श्रम दोन्ही पाण्यात. मुले जपानी रचनेला नाही, वीज जाण्याला भीत होती. शिवाय संगणक सामायिक. दहावीतल्या एका मुलाने महिनाभर वाढवलेल्या पात्रावर दुसऱ्या कोणीतरी नकळत आपला खेळ साठवला. पहिला मुलगा काही बोलला नाही, पुन्हा लांब गोष्टीच्या गेमला त्याने हात लावला नाही. वहीत मी लिहिले : ‘छोटे गेम पसंत करू लागला.’

बाण दाखवावा की नाही?

‘मॉरोविंड’मध्ये रस्ता कोणी दाखवत नाही. गावातला माणूस सांगतो की नदीकाठाने जा, पूल ओलांडा, दोन दगडांमधून डावीकडे वळा. ते वाचून, लक्षात ठेवून शोधायचे. त्याच मालिकेतला पुढचा गेम ‘ऑब्लिव्हियन’ २००६ मध्ये आला. त्यात होकायंत्रावर खूण दिसते. तिच्याकडे तोंड करून चालत राहिले की काम झाले. संवादही आता लेखी नव्हते, नटांच्या आवाजात होते. जुने पाश्चात्त्य खेळाडू यावर नाराज झाले. शोधण्याचा आनंद गेला, खेळाडूला बाळ समजले, अशी ती तक्रार आजही ऐकू येते.

२०१० मध्ये एका संगणकात ग्राफिक्स कार्ड बसवून मी ‘ऑब्लिव्हियन’ आणला. आमच्या मुलांना तो बाण म्हणजे सुटका वाटली. ज्याला ‘दोन दगडांमधून डावीकडे’ हे इंग्रजी वाक्यच कळत नाही, त्याच्यासाठी ‘मॉरोविंड’ रस्ता शोधण्याचा खेळ नव्हताच. तो बंद दरवाजा होता. एकच रचना एकाला अपमान वाटली आणि दुसऱ्याला शिडी.

मात्र याच गेममधली दुसरी एक गोष्ट आमच्या मुलांनाही खटकली, आणि तिला भाषेची गरज नव्हती. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये तुमचे बळ वाढले की शत्रूंचेही वाढते. पुढे पुढे रस्त्यावरचे साधे लुटारूही महागडी चिलखते घालून समोर येतात. याला लेव्हल स्केलिंग म्हणतात. खेळ कुठेही गेलात तरी अवघड राहावा, हा हेतू. शंकरपट पाहून वाढलेल्या एका मुलाने त्याची चिरफाड एका वाक्यात केली : ‘‘आपली जोडी पळाली का समोरचीबी तेवढीच पळवतेत, मंग बैलाले ढेप चारून काय फायदा?’’ हीच टीका जगभरच्या खेळाडूंनी केली होती. ही मात्र खरी आवडनिवड होती. दारव्ह्याचा मुलगा आणि दूरदेशीचा खेळाडू इथे एकाच बाजूला उभे होते. आवड आणि अडचण यांतला फरक मला पहिल्यांदा इथे जाणवला.

वसुलीची कामगिरी

आता ज्या प्रसंगाने माझे टिपण खोटे ठरवले तो. २०११ चा उन्हाळा होता. तीन मुले ‘मॉरोविंड’ लावून बसली होती. नेहमीप्रमाणे संवादाची चौकट आली की न वाचता कळ दाबायची आणि तलवार काढायची, असे चालले होते. गिऱ्हाईक नव्हते, म्हणून मी मागे उभा राहिलो. एकाने सहज विचारले, ‘‘काका, हे बाई काय म्हणून राह्यली?’’

त्या गेममध्ये लढवय्यांची एक संघटना असते आणि ती तुम्हाला कामे देते. एक काम असे, की दुसऱ्या गावातल्या एका बाईकडे पैसे थकले आहेत, ते वसूल करून आणा. मी संवाद मराठीत सांगितला. यवतमाळ जिल्ह्यात वसुली या शब्दाचा अर्थ मुलांना समजावून द्यावा लागत नाही. तिघेही गप्प झाले. मग एकाने म्हटले, ‘‘कायले मारता बे तिले?’’ दुसरा म्हणाला, काम घेतले म्हणजे करावेच लागेल. तिसऱ्याने मला विचारले, ‘‘आपल्या जवळचे पैसे तिच्या नावानं भरून टाकले तं चालते का?’’ अर्धा तास तलवार निघाली नाही. त्या दुपारी तासाचे पैसे मी घेतले नाहीत.

हीच मुले माझ्या वहीत ‘मारामारी’च्या खान्यात होती. त्यानंतर ती मला मुद्दाम बोलावू लागली. मी संवाद सांगायचो, ती भांडून उत्तर ठरवायची. सांगणारा नसला की पुन्हा तलवार. गोष्ट त्यांना नको नव्हती; गोष्टीपर्यंत पोहोचायला रस्ता नव्हता. जे कळते ते खेळायचे, आणि तलवारीला व्याकरण लागत नाही, एवढीच ती ‘पसंती’ होती.

आकडा काय सांगतो?

आजचे गेम खेळाडूची प्रत्येक हालचाल मोजू शकतात. कोणते पात्र घेतले, कोणता संवाद टाळला, कुठे सोडले. या मोजणीतून उपयोगी गोष्टी कळतात. बायोवेअर कंपनीच्या ‘मास इफेक्ट’ या अंतराळातल्या आरपीजीत सज्जनपणाची आणि दांडगाईची अशा दोन वाटा आहेत. त्यावर काम केलेल्या एका माजी कर्मचाऱ्याने २०२० मध्ये सांगितले, की सुमारे ९२ टक्के खेळाडूंनी सज्जनपणाची वाट धरली होती. दुष्टपणाची मोकळीक हवी असे म्हणणारे पुष्कळ, प्रत्यक्ष त्या वाटेने जाणारे थोडे. बोलण्यापेक्षा वागणे खरे, हे अशा आकड्याने दिसते.

पण खेळाडूने काय केले हे आकडा सांगतो. दुसरे काय करता आले असते हे सांगत नाही. माझ्या तीन मुलांनी संवाद टाळले, हे कोणत्याही यंत्राने बरोबर मोजले असते. त्यावरून काढलेला ‘यांना संवाद नकोत’ हा निष्कर्ष मात्र माझ्याइतकाच चुकला असता. आणि चुकीचा निष्कर्ष तिथेच थांबत नाही. इकडच्या खेळाडूला गोष्ट नको असे ठरले, की त्याच्या भाषेवर कोणी खर्च करत नाही; भाषा नाही म्हणून तो संवाद टाळतो; आणि टाळतो म्हणून पहिला निष्कर्ष पक्का होतो. ‘स्कायरिम’ (२०११), ‘विचर ३’ (२०१५), ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) हे या प्रकारातले गाजलेले गेम. तिघांचेही बळ संवादांत आणि निवडींत आहे. तिघांतही मराठी नाही.

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणला. डोंबाऱ्याच्या खेळासारख्या कसरती करणारी एक मुलगी भावाला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. रचनेच्या दृष्टीने तो आरपीजीपेक्षा साहसाचा गेम : नायिका ठरलेली, वाट ठरलेली, संवादात निवड नाही. आधी त्यात आवाज इंग्रजी होते, २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आले. मी तो शेजारच्या नववीतल्या मुलीला इंग्रजीत आणि मग हिंदीत दाखवला. इंग्रजीत ती त्रिशूळ चालवत होती. हिंदीत तिने मध्येच थांबून विचारले, ‘‘काका, दुर्गा हिच्यावर एवढा विश्वास ठेवते, विष्णू का नाही?’’ गेम तोच, हात तेच. प्रश्न नवा.

वहीतला नवा खाना

कॅफे २०१३ मध्ये बंद केले. मुले मोबाइलवर गेली. वही मी चालू ठेवली आहे, आता ओळखीच्या घरांतून. बार्टलची चार खाने मी खोडली नाहीत, पण त्यांच्या आधी एक खाना वाढवला : ‘कुठे सोडला, आणि का?’ उत्तरे साधी असतात. फोनमध्ये जागा संपली. डेटा संपला. भावाला फोन हवा होता. लिहिलेले कळले नाही. ही कारणे बाजूला काढल्यावर जे उरते, तेवढ्यालाच मी आता आवड म्हणतो.

त्या तिघांपैकी पैसे भरायला निघालेला मुलगा आता पुण्यात संगणकाचेच काम करतो. मागच्या दिवाळीत तो घरी आला होता. एका जुन्या गेमचे संवाद मराठीत करून पाहू, म्हणून आम्ही दोन दिवस बसलो. मजकूर झाला, पण पडद्यावर जोडाक्षरे फुटत होती, वेलांट्या भलतीकडे जात होत्या. त्यावर उपाय शोधतो म्हणाला. तोवर आमचे संवाद वहीच्या मागच्या पानांवर आहेत. कोणी मूल खेळायला बसले, की मी मागे उभा राहून वाचून दाखवतो.