१०१ दिवसांआधीची माफी

कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचे हाल चालवले आहेत, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी जन्मानंतरच्या पहिल्याच वर्षभरात कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर केला. त्याला आधार होता बर्व्यांच्या नावाने फिरणाऱ्या पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, पत्रे बनावट निघाली आणि टिळक-आगरकरांनी माफी मागितली. तरीही जुलै १८८२मध्ये दोघांना चार महिन्यांची कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगातले १०१ दिवस आगरकरांच्या पुस्तकामुळे मराठी मनात कायमचे राहिले, पण त्याआधीची माफी आपण जवळजवळ विसरलो. माझ्या मते त्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच होती. यावर कुणी म्हणेल, आरोपाचा गाभा तर खरा होता. डिसेंबर १८८३मध्ये महाराज अहमदनगरला ग्रीन नावाच्या गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीत गेलेच ना? गेले, आणि म्हणूनच ती चूक अधिक महागात पडली. खऱ्या अन्यायाची तक्रार खोट्या कागदांवर उभी राहिली. कागद टिकले नाहीत, तेव्हा न्यायालयात महाराजांच्या हालांऐवजी संपादकांचा गुन्हा तपासला गेला.

पुढच्या सव्वाशे वर्षांत छापण्याचा वेग वाढला, चूक कबूल करण्याचा तेवढा वाढला नाही. सप्टेंबर २००८मध्ये एका वृत्तवाहिनीने भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत न्या. पी. के. सामंता यांच्याऐवजी न्या. पी. बी. सावंत यांचे छायाचित्र दाखवले. सावंत पूर्वी भारतीय प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष होते. छायाचित्र पडद्यावर होते जेमतेम १५ सेकंद. २०११ साली पुण्याच्या न्यायालयाने भरपाई ठरवली १०० कोटी रुपये. ही रक्कम मलाही अवाजवी वाटते. एवढ्या दंडाच्या धास्तीने छोटी वृत्तपत्रे खरी बातमीही दाबतील, हा आक्षेप रास्त आहे. पण म्हणूनच दुरुस्ती न्यायालयात जाण्याआधी, वृत्तपत्राच्या कचेरीतच व्हायला हवी. ‘द हिंदू’ने २००६ साली त्यासाठी स्वतंत्र वाचक-संपादक नेमला आणि चुकांच्या दुरुस्तीला ठरलेली जागा दिली. रोज चुका छापल्या तर वाचकाचा विश्वास उडेल, ही संपादकांची भीती मला पटत नाही. ज्याच्या गावाचे, आडनावाचे किंवा वयाचे चुकीचे छापून येते, त्याला आणि त्याच्या शेजाऱ्यांना चूक आधीच कळलेली असते; वृत्तपत्र ती मान्य करते की नाही, एवढेच त्यांना पाहायचे असते.

बंगळूरच्या राजाजीनगरात बसून पुण्या-बेळगावच्या बातम्या मोबाइलवर वाचणाऱ्या मराठी माणसाची अडचण याहून नवी आहे. सकाळी वाचलेला आकडा दुपारी गुपचूप बदललेला असतो. बातमी दुरुस्त होते, पण सकाळच्या वाचकाला ते कळत नाही आणि चुकीचा आकडा घेऊनच तो चारचौघांत बोलतो. काय छापले होते, काय बदलले आणि केव्हा, एवढ्या तीन गोष्टी बातमीच्या वरच्याच ओळीत लिहायला फार जागा लागत नाही.