लोणावळ्याचा मासा कावेरीत

टाकीतले मासे वाढले, टाकी पुरेनाशी झाली, की घरात हमखास एक सल्ला निघतो: जवळच्या तळ्यात सोडून द्या, बिचारे मोकळे होतील, सवाबही मिळेल. आम्हीही असे मासे सोडले आहेत. मुक्या जिवावर दया केली, त्यात वाईट काय, असेच वाटले होते. कावेरीची हकीगत कळल्यावर मात्र आम्ही थबकलो.

निळसर परांचा महाशीर आपल्याच भागातला. कर्नल साईक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाचे वर्णन केले आणि ‘खुद्री’ हे इथल्या बोलीतले नाव त्याच्या शास्त्रीय नावात गेले. पुढे तो कमी होऊ लागला, तेव्हा १९७०च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवण तलावाकाठी त्याची पैदास सुरू केली. काम मोठे होते, हेतूही चांगलाच. तिथली बोटुकली दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली, त्यांत कावेरीही होती.

पण कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर आधीपासून होता. नारिंगी पर आणि मानेमागे वशिंडासारखा उंचवटा असलेला. वाढतो किती? १९४६ साली काबिनी नदीत गळाला लागलेला एक मासा १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता! हा मासा कावेरीच्या खोऱ्याबाहेर कुठेच नाही.

हौसेने गळ टाकून मासा पुन्हा पाण्यात सोडणाऱ्यांनी तिथे नोंदी ठेवल्या होत्या. १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदींत लोणावळ्याचा पाहुणा वाढत गेलेला दिसतो आणि घरधनी घटत गेलेला. धरणे, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी यांचाही दोष आहेच. पण त्याच नदीत पाहुण्याचे मात्र बरे चालले होते. परका म्हणजे परदेशीच असे नव्हे, दुसऱ्या नदीचा मासाही परकाच.

गंमत म्हणावी की दुःख, एवढा नामांकित मासा, पण त्याचे शास्त्रीय नाव नक्की झाले ते २०१८ साली. त्याच वर्षी तो जगाच्या अति संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला.

आमची टाकी आता एका नातेवाइकांकडे गेली आहे, त्यांची मोठी आहे. काच साफ करणारा सकर मासाही सोबत दिला. तो हातभर वाढतो, म्हणून तळ्यात रवानगी होते ती बहुधा त्याचीच आधी. दुकानदाराला विचारले, तर तोही मासे परत घ्यायला तयार होता. आम्ही आजवर कधी विचारलेच नव्हते.