गोदेच्या गाळावरची पंगत

नाशिकरोड स्टेशनात गाडी थांबली की उतारूंची एकच घाई उडते. कोणाला पंचवटी गाठायची असते, कोणाला त्र्यंबकेश्वर, कोणाला वणीची सप्तशृंगी, तर कोणाला शिर्डी. या गर्दीच्या शेजारून दिवसरात्र आणखी एक वाहतूक चालू असते, पण तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. ती आहे पाण्याची. वालदेवी नाशिकरोडच्या वस्तीजवळून जाऊन दारणेला मिळते. दारणा पुढे दारणासांगवीपाशी गोदावरीत शिरते. आणि गोदामाई नाशिक शहराचे सारे भलेबुरे पोटात घालून निफाडच्या काळ्या रानातून पूर्वेची वाट धरते.

हे पाणी जाते कोठे? इथून चाळीसएक किलोमीटरवर, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी, नांदूर मध्यमेश्वरला ते थबकते. तेथे एक बंधारा आहे आणि बंधाऱ्यामागे एक विस्तीर्ण, उथळ जलाशय आहे. नाशिकरोडच्या मोरीतून गेलेल्या पाण्याचे पुढे काय होते आणि त्यावर कोणाकोणाचा संसार चालतो, हे ज्याला पाहायचे असेल त्याने तेथे जावे. सृष्टीतील देवघेव कशी चालते याचा एवढा उघडा जमाखर्च आपल्या मुलखात क्वचितच पाहायला मिळेल.

इंजिनिअरांनी मांडलेला डाव

हा जलाशय काही निसर्गाने केलेला नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो, आणि तेथून खाली निफाड-सिन्नरकडे यावे तो त्याचा पाचवा-सहावा हिस्सादेखील पदरात पडणे मुष्किल. डोंगरावरचे पाणी या कोरड्या रानाला द्यावे म्हणून इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, योजना आखण्यात आली. वर दारणेवर धरण बांधून पाणी साठवायचे, ते नदीतून खाली सोडायचे आणि नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापाशी उजव्या-डाव्या कालव्यांत वळवायचे, असा तो बेत होता. दारणा धरण १९१६ साली पुरे झाले. कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडची जमीन भिजू लागली आणि तेथे ऊस उभा राहिला.

योजना नामी होती, पण एक पाहुणा न बोलावता आला. तो म्हणजे गाळ. दर पावसाळ्यात नद्या डोंगरउतारांची आणि शेतांची माती वाहून आणत. बंधाऱ्यापाशी पाण्याचा वेग मंदावला की ही माती तळाशी बसे. वर्षामागून वर्षे गेली, पात्र भरत आले, पाण्यात बेटे उठली आणि बेटांवर लव्हाळे व गवत माजले. पाटबंधाऱ्याच्या वहीत हे सारे नुकसानीच्या बाजूला मांडले गेले, आणि ते बरोबरच होते, कारण जितका गाळ वाढतो तितका साठा घटतो.

परंतु सृष्टीची वही निराळी असते. पाणी उथळ झाले म्हणून सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचू लागला, प्रकाश पोहोचला म्हणून तळाशी पाणवनस्पती रुजल्या, आणि वनस्पती आल्या म्हणून त्या खाणारे व त्यांच्या आडोशाने राहणारे आले. १९८६ साली सरकारने येथे पक्षी अभयारण्य जाहीर केले. १९७१ साली इराणातील रामसर गावी पाणथळ जागांच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्या कराराच्या यादीत २०१९ साली नांदूर मध्यमेश्वरची १४३७ हेक्टर जागा दाखल झाली. महाराष्ट्रातून हा मान मिळवणारे हे पहिलेच ठिकाण. त्या वेळच्या नोंदीत येथील ५३६ जीवजाती मोजलेल्या आहेत.

एकाच ताटात, पण भांडण नाही

दिवाळीच्या सुमारास येथे पाहुणे उतरू लागतात. संस्कृत काव्यातून आपल्या ओळखीचा झालेला चक्रवाक लडाख-तिबेटकडून येतो, कितीतरी जातींची बदके हिमालयापलीकडून येतात. शिवाय येथील कायमचे रहिवासी आहेतच. थंडीच्या दिवसांत हजारो पक्षी या एका तळ्यावर पोट भरतात. मग त्यांच्यात मारामाऱ्या का होत नाहीत?

उत्तर त्यांच्या चोचींत आणि पायांत आहे. वारकरी नावाचा काळा पाणपक्षी घ्या. कपाळावर गंधासारखा पांढरा टिळा, म्हणून हे नाव त्याला शोभते. तो मुख्यतः पाणवनस्पतींवर राहतो. जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यांत शिरून कोवळे कोंब खाते. थापट्या बदकाची चोच फावड्यासारखी आणि तिच्या कडांना गाळणी, त्यामुळे तो पृष्ठभागावरचे पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीव वेचतो. चमच्या आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवी फिरवीत चालतो आणि वाटेत सापडेल तो लहान जीव टिपतो. चित्रबलाक चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात उभा राहतो, आणि मासा चोचीला लागला की क्षणार्धात ती मिटते. गढूळ पाण्यात त्याला डोळ्यांचे काम पडत नाही. उघड्या चोचीचा करकोचा शंखातली गोगलगाय अलगद ओढून काढतो. त्याच्या चोचीतली फट पाहून ती बिघडली आहे की काय असे वाटावे, पण ती त्याच्या धंद्याचे हत्यारच आहे. पाणकावळा खोल पाण्यात बुडी मारून मासे धरतो, तर लांब तांबड्या पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात चालत किडे वेचतो.

मौज अशी की या पंगतीला शेतकऱ्याच्या पाळीचाही हातभार लागतो. कालव्याला आवर्तन सुटले की जलाशयाची पातळी उतरते आणि काठचा ओला चिखल उघडा पडतो. त्या चिखलात अळ्या आणि कृमी असतात. तुतारीसारखे लहान पक्षी नेमके याच पट्ट्यावर धावताना दिसतात. पाणी पिकाला गेले आणि पान पक्ष्याला वाढले गेले.

एका जागेत राहणाऱ्या सर्व जीवांचा, आणि त्यांच्याबरोबर तेथील माती, पाणी, हवा व ऊन यांचा मिळून जो संसार होतो, त्याला शास्त्रज्ञ परिसंस्था म्हणतात. टॅन्स्ली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ साली ही कल्पना मांडली. प्रत्येक प्राण्याने या संसारात आपले एक काम आणि एक जागा धरलेली असते. दोघांची जागा तंतोतंत एकच झाली की एकाला उठावे लागते. नांदूरला चोचींचे इतके प्रकार दिसतात ते याच कारणाने.

नोटा आणि कोळसा

हा संसार चालतो कशावर? त्याचा दाखला नाशिकरोडकरांच्या दारातच आहे. येथील छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि जवळच एकलहऱ्याला औष्णिक वीजकेंद्र आहे. नोट एकदा बाहेर पडली की हातोहात फिरते. वाण्याकडून शेतकऱ्याकडे, शेतकऱ्याकडून शाळेच्या फीमध्ये, तेथून मास्तरांच्या पगारात, आणि फिरून वाण्याकडे. कोळशाचे तसे नाही. तो भट्टीत एकदा जळला की संपला. उद्यासाठी नवा कोळसा आणावा लागतो.

सृष्टीत दोन्ही व्यवहार एकाच वेळी चालतात. नत्र आणि स्फुरद यांसारखी द्रव्ये नोटांसारखी फिरतात. गाळातून ती वनस्पतीत जातात, वनस्पतीतून गोगलगायीत, गोगलगायीतून करकोच्यात, आणि त्याच्या विष्ठेतून किंवा मेल्यावर देहातून पुन्हा गाळात. हा शेवटचा फेरा घडवून आणतात ते डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आणि बुरशी. त्यांनी एक वर्ष संप केला तर मेलेल्या पानांचे आणि प्राण्यांचे ढीग पडतील आणि नवे पान फुटायला द्रव्य उरणार नाही.

शक्ती मात्र कोळशासारखी एकेरी जाते. ती येते सूर्याकडून. हिरवे पान तिचा थोडासा अंश पकडते. पान खाणारा प्राणी त्यातील बहुतेक भाग हालचाल आणि श्वासोच्छ्वास यांत खर्चून टाकतो. ढोबळ मानाने एका पायरीवरून पुढच्या पायरीवर दहावा हिस्सा पोहोचतो. म्हणजे हजार किलो वनस्पतींवर शंभर किलो किडे-गोगलगायी, त्यांवर दहा किलो मासे आणि त्यांवर जेमतेम एक किलो पाणकावळा. रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने मिनेसोटातील एका दलदलीच्या तळ्याचा असा हिशेब मांडून दाखवला. १९४२ साली त्याचा निबंध छापून आला, पण तो पाहायला तो राहिला नाही. वयाची सत्तावीस वर्षे पुरी होण्याआधीच तो वारला होता. नांदूरच्या आकाशात हजारो बदकांवर दोन-चारच शिकारी पक्षी घिरट्या का घालतात, हे त्याच्या हिशेबावरून उमगते.

आता काठाकडे पाहा. कालव्यांमुळे ऊस आला आणि उसाच्या दाट आडोशात बिबट्याने बस्तान ठोकले. त्याला अन्न कोठून मिळते? शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. त्यात ८७ टक्के वाटा माणसाच्या आधाराने राहणाऱ्या प्राण्यांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचाच ३९ टक्के. कुत्री पोसली जातात गावच्या उकिरड्यावर. म्हणजे पाण्याने ऊस वाढवला, उकिरड्याने कुत्री वाढवली, आणि दोन्हींनी मिळून बिबट्याला घर दिले. धरणाच्या नकाशावर ना करकोचा होता, ना बिबट्या!

पंगत मोडते कोठे?

येथवरचे वाचून कोणी म्हणेल, मग काळजी कसली? एकाची घाण ती दुसऱ्याचे अन्न, तेव्हा शहराने खुशाल सांडपाणी सोडावे, तळे काय ते पाहून घेईल! येथेच फसगत होते. पंगतीला वाढपी थोडे आणि अन्न अफाट झाले की ते सडते.

शहराच्या सांडपाण्यात आणि शेतातून वाहून येणाऱ्या खतात नत्र व स्फुरद भरपूर असते. ते बेसुमार आले की त्याचा पहिला फायदा जलपर्णी उठवते. ही दक्षिण अमेरिकेतली वनस्पती तिच्या सुंदर जांभळ्या फुलांपायी जगभर नेली गेली. पोषण भरपूर मिळाले तर दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते. तिचा गालिचा पसरला की खाली अंधार होतो, तळच्या वनस्पती मरतात, आणि त्या कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. मासे गुदमरतात. मग पाणकावळ्याने आणि चित्रबलाकाने कोठे जावे? वरून तळे हिरवेगार दिसते, परंतु आत पंगत उठलेली असते. रामसरच्या नोंदीत नांदूरला असलेल्या धोक्यांमध्ये जलपर्णी, वाढती वस्ती आणि पाण्याचा उपसा यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

आणि गाळही सर्वांनाच मानवतो असे नाही. १९३८ साली सुंदरलाल होरा आणि के. एस. मिश्रा या मत्स्यशास्त्रज्ञांनी देवळालीच्या मासळीतून शास्त्राला नवा असा एक छोटा मासा नोंदवला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांचे नाव त्याला दिले. या कुळातले मासे खडकाळ, वाहत्या पाण्यात राहणारे. दगडांवर गाळाचा थर बसला, प्रवाह थांबला किंवा पाणी मळले, तर त्यांचे घरच बुडाले. आज हा देवळालीचा मासा अत्यंत संकटग्रस्त जीवांच्या जागतिक यादीत आहे. ज्या गाळावर नांदूरची बदके पोसतात तोच गाळ या माशाच्या मुळावर येऊ शकतो. नदीला वाहता भाग हवा आणि थांबलेला भागही हवा. एकाने दुसऱ्याला गिळता कामा नये.

गाळ कोणाचा?

शेवटी माणसाचीही बाजू आहे आणि ती हलकी नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीला महापूर आला तेव्हा चांदोरी-सायखेड्याच्या घरांत पाणी शिरले. ज्याच्या धान्याच्या कणग्या भिजल्या त्याला बेटांवरच्या लव्हाळ्यांचे कौतुक सांगून भागत नाही. गाळाने पात्र उथळ होते आणि फुगवटा मागे सरकतो, ही त्यांची तक्रार आहे. गाळ काढा, असे ते म्हणतात, आणि काढलेला गाळ शेतात पडला तर पीकही सुधारते. पण सारे पात्र खरवडून खोल केले तर उथळ पाणी गेले, आणि त्याबरोबर पक्षीही गेले.

यातून वाट नाही असे नव्हे. गाळ काढायचा तर सरसकट नव्हे, प्रवाहाची मुख्य धार मोकळी होईल इतका, आणि पक्ष्यांच्या विणीचा व थंडीतल्या मुक्कामाचा काळ वगळून. याहून महत्त्वाचे म्हणजे माती आणि मैला नदीत पडण्यापूर्वीच रोखणे. डोंगरउतारावर झाड आणि बांधावर गवत राहिले तर गाळ कमी येईल. शहराचे सांडपाणी पुरते शुद्ध होऊनच नदीत गेले तर जलपर्णीचे अन्न तुटेल. म्हणजे नांदूरच्या पंगतीचा निकाल नांदूरला लागत नाही, तो वर नाशिकला, देवळालीला आणि नाशिकरोडला लागतो.

‘इकॉलॉजी’ हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ हेकेल याने १८६६ साली घडवला, तो घर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. ‘इकॉनॉमिक्स’ या शब्दाचे मूळही तेच. दोन्हींचा अर्थ शेवटी एकच, घराचा हिशेब ठेवणे. दिवाळीत आपण घरातला केरकचरा उंबऱ्याबाहेर लोटतो आणि घर स्वच्छ झाले म्हणतो. नदीला मात्र असा उंबरा नाही. आपण बाहेर लोटलेले सारे तिच्या वाटेने कोणाच्या तरी घरातच जाऊन पडते. या थंडीत चक्रवाक नांदूरला उतरतील तेव्हा त्यांच्या ताटात काय पडते, हे वरच्या गावांतील प्रत्येक मोरी ठरवीत असेल.