पेन्शनचा हक्क कोठें ठरतो?

जिल्हा परिषदेच्या नोकरींतून मनुष्य निवृत्त झाला, कीं त्याला पेन्शन मिळावयाचीच, असा समज सुशिक्षित घरांतूनहि आढळतो. तो पुरता खरा नाहीं. पेन्शन ही कोणाच्या कृपेची देणगी नव्हे, तो हक्क आहे, हें निःसंशय. परंतु त्या हक्काला पात्रता लागते. आणि ती निवृत्तीच्या दिवशीं ठरत नसून पहिल्या दिवसापासून सेवापुस्तकाच्या पानांवर ठरत जाते. म्हणून या विषयाचा थोडा विचार आम्ही येथें करीत आहों.

महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा १९६२ सालीं स्थापन झाल्या. तेथील शिक्षक व कारकून यांच्या पेन्शनीचा विचार राज्य सरकारच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणें होतो. पहिला प्रश्न नेमणुकीच्या तारखेचा. १ नोव्हेंबर २००५ रोजीं वा त्यानंतर जे नोकरींत आले, त्यांना हे जुने नियम लागू न करतां अंशदानाची नवी योजना लावण्यांत आली. तिच्यांत नोकराच्या मूळ वेतन व महागाई भत्त्यांतून १० टक्के कापले जातात, सरकार आपली भर घालतें आणि ती रक्कम गुंतविली जाते. मूळ योजनेंत अखेरीस हातीं काय पडेल, हें आधीं सांगतां येत नसे. एक शिक्षक ३१ ऑक्टोबरला रुजू झाला व दुसरा एका दिवसानें मागाहून, एवढ्यानें दोघांच्या म्हातारपणांत केवढें अंतर! या असंतोषापायीं मार्च २०२३ मध्यें राज्यभर संप झाला. पुढें २ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयानें, ज्यांच्या पदाची जाहिरात त्या तारखेपूर्वीं निघाली होती पण नेमणूक मागाहून झाली, अशा राज्य सरकारच्या नोकरांना जुन्या नियमांत येण्याची एकवार संधि देण्यांत आली.

दुसरा प्रश्न नोकरीच्या वर्षांचा. जुन्या नियमांप्रमाणें पेन्शनीला निदान १० वर्षांची अर्हताकारी सेवा लागते. त्याहून कमी भरल्यास एकरकमी उपदान तेवढें मिळतें. अखेरच्या वेतनाच्या निम्मी अशी पूर्ण पेन्शन मिळण्यास पूर्वीं ३३ वर्षें लागत; सहाव्या वेतन आयोगानंतर २० वर्षें पुरेशीं ठरलीं. मात्र नोकरीचीं सर्वच वर्षें हिशेबांत धरलीं जातात असें नाहीं. वैद्यकीय दाखल्यावांचून घेतलेली बिनपगारी रजा बहुधा वगळली जाते. राजीनामा दिला, तर मागची सारी सेवा बुडते. रीतसर परवानगीनें दुसरी सरकारी नोकरी पत्करण्यासाठीं दिलेला राजीनामा एवढाच त्याला अपवाद. रागाच्या भरांत दिलेला कागद वीस वर्षांची पुण्याई घालवूं शकतो, हें ध्यानांत ठेवलेलें बरें.

तिसरा प्रश्न गृहिणींच्या जिव्हाळ्याचा. कर्ता पुरुष नोकरींत असतां वारला, तर दहा वर्षांची अट कुटुंबाला बाधत नाहीं. सलग एक वर्षाची सेवा झाली असली, म्हणजे जुन्या नियमांप्रमाणें विधवेला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतें; त्याचा साधारण दर वेतनाच्या ३० टक्के आहे. नव्या योजनेंतील नोकर सेवेंत असतां वारल्यास त्याच्या कुटुंबालाहि या वेतनाचा विकल्प ३१ मार्च २०२३ च्या निर्णयानें खुला झाला. परंतु कुटुंबाचा तपशील कचेरींत भरलेलाच नसेल, किंवा पत्नीचें नांव एका कागदावर माहेरचें व दुसऱ्यावर सासरचें असेल, तर हक्क असूनहि तो शाबीत करण्यांत महिनेच्या महिने जातात. आणि ते महिने नेमके दुःखाचे व ओढगस्तीचे असतात.

यास्तव आमची सूचना एवढीच, कीं सेवापुस्तक दरसाल पाहावें. नेमणुकीची तारीख, जन्मतारीख, रजेच्या नोंदी व बदल्या तपासून घ्याव्या. लग्नापूर्वीं केलेलें नामनिर्देशन लग्नानंतर पुन्हां पाहावें. अपत्य झालें, कीं त्याचें नांव कळवावें. या कागदांच्या नकला घरांत कोठें ठेवल्या आहेत, हें पतीनें पत्नीला सांगावें, व पत्नीनेंहि तें विचारण्यांत संकोच मानूं नये. दागिन्यांची यादी जी गृहिणी जपून ठेवते, तिनें ही यादीहि तितक्याच काळजीनें ठेवावी.